काचेचा बूट चावला तर?

"नमस्कार ताई,

माझ्या लग्नाला दोन वर्षं झाली. माझं पहिलं, यांचं दुसरं. यांची मुलगी नऊ वर्षांची आहे. ती पाच वर्षांची असताना तिची आई आजारपणात गेली. आम्ही कोल्हापुरात शिवाजी पेठेत सासू-सासऱ्यांसोबत राहतो. मुलगी गुणी आहे, माझ्याशी कधी उद्धट वागत नाही. पण दोन वर्षांत तिनं मला कशानंच हाक मारलेली नाही. 'अगं ऐक ना' म्हणते, नाहीतर नुसती समोर येऊन उभी राहते.

तिला सिंड्रेलाचं वेड आहे. घरात पुस्तकं तीन, शिवाय कार्टून, सिनेमा, मिळेल ते बघते. 'सावत्र आई' शब्द आला की मी स्वयंपाकघरात निघून जाते. परवा तिनं आपणहून चार ताटं विसळली, तर शेजारच्या काकू दारातनंच म्हणाल्या, 'काय गं, सिंड्रेला केली व्हय तुझी?' पोरगी हसली. मला रात्रभर झोप नाही. सासरे म्हणतात, असल्या इंग्रजी गोष्टी कशाला, आपल्या सांगा. सासूबाईंनी तिच्या आईच्या साड्या ट्रंकेत भरून माळ्यावर टाकल्यात, डोळ्यांसमोर नकोत म्हणून. हे म्हणतात, लहान आहे, सोडून दे. ती पुस्तकं कुणाला देऊन टाकू का? की तिला जवळ बसवून समजावून सांगू, की सगळ्या सावत्र आया तशा नसतात?

ता. क. मागच्या महिन्यात तिला नवी कोल्हापुरी घेतली. चावायला लागली म्हणून मी तेल लावत बसले होते. तर म्हणाली, 'काचेचा बूट चावला तर? त्याला तेल लावून काय उपयोग नाही.' आम्ही दोघी हसलो. बास, एवढंच."

तुमचं पत्र तीनदा वाचलं आणि तिन्ही वेळा त्या ताज्या कलमापाशी थांबले. तिथं परत येतेच. आधी तुमच्या दोन प्रश्नांची उत्तरं देते.

पुस्तकं देऊ नका. आणि ते समजावून सांगणंही नको. 'सगळ्या सावत्र आया तशा नसतात' हे तुम्ही बोललात, की त्या गोष्टीत तुम्ही स्वतःला बघता हे तिला तुमच्याच तोंडून कळणार. आजवर तिनं तसं बघितलं असेलच, असं नाही. शेजारणीच्या बोलण्यावर ती हसली, ते कशाला हसली हे तुम्हाला ठाऊक नाही आणि मलाही नाही. पण पुस्तकं एकाएकी नाहीशी झाली, तर कारण शोधायला तिला लांब जावं लागणार नाही.

आता चप्पल. तुमच्या लेकीनं विचारलेला प्रश्न पोरखेळाचा नाही. मोठी माणसंही त्याच बुटापाशी अडकली आहेत. काचेचा बूट आला तो शार्ल पेरो या फ्रेंच लेखकाच्या १६९७ सालच्या पुस्तकातून. भोपळ्याची गाडी आणि मदतीला येणारी परी ही आपल्या ओळखीची मंडळीही त्यातलीच. पुढं बाल्झाक या फ्रेंच कादंबरीकारानं शंका काढली, की काचेला जो फ्रेंच शब्द आहे, तसाच उच्चार असलेला दुसरा शब्द खारीच्या मऊ कातड्यासाठी आहे, तेव्हा मूळ बूट कातड्याचाच असणार, काच घालून कोण चालेल? पण पेरोनं शीर्षकातच काच लिहून ठेवली आहे. गंमत म्हणजे तो बूटसुद्धा नाही. त्याचा शब्द घरात घालायच्या सपातेचा आहे. ग्रिम बंधूंच्या जर्मन गोष्टीत तीच सपाता सोन्याची होते, आणि ती पायात बसावी म्हणून एक बहीण अंगठा कापते, दुसरी टाच. चीनमध्ये नवव्या शतकात लिहून ठेवलेल्या ये शियानच्या गोष्टीतही बूट सोन्याचाच, आणि तिथं मदतीला परी नाही, एका माशाची हाडं आहेत.

काच का, याचं उत्तर तुमच्या लेकीनं दिलंच आहे की. काचेला तेल लागू होत नाही. कोल्हापुरी आठ-पंधरा दिवस चावते, मग कातडं पायाचा आकार घेतं आणि चप्पल त्या पायाची होऊन जाते. काच कुणाच्या पायासाठी तसूभरही सैल होत नाही, म्हणून ती एकीलाच बसते. हे नऊ वर्षांच्या पोरीला चप्पल चावताना सुचलं, आणि सुचल्याबरोबर तिनं ते सांगितलं तुम्हाला. आजीला नाही, बाबांना नाही. तिच्या सगळ्यात लाडक्या गोष्टीत तिनं तुम्हाला आत घेतलं आणि तुम्ही मात्र सिनेमा लागला की स्वयंपाकघरात जाऊन बसता. बाई, तिला काय वाटत असेल? 'मला आवडतं ते हिला बघवत नाही', असंच ना?

मला जे खरं सांगायचं आहे ते आता सांगते. तुम्ही त्या गोष्टीत सावत्र आई शोधता. मला वाटतं, ती पोर त्यात आई शोधते आहे.

ग्रिमांची गोष्ट काढून वाचा. तिथं परी नाहीच. आई मरताना मुलीला सांगते, की मी वरून तुझ्याकडे बघत राहीन. बाप जत्रेला निघतो, तेव्हा सावत्र बहिणी कपडे आणि मोती मागतात, आणि ही मुलगी मागते घरी परतताना टोपीला अडकेल ती पहिली फांदी. ती हेझलच्या झाडाची निघते. आईच्या थडग्यावर ती लावते आणि रडून रडून त्याच पाण्यावर वाढवते. मग त्या झाडावर पांढरा पक्षी येतो, आणि मुलीला लागेल ते, सोन्याच्या सपातेपर्यंत सगळं, त्या झाडावरून खाली पडतं. म्हणजे मुलीला नटवून नाचायला पाठवते ती तिची गेलेली आईच.

सिनेमावाल्यांनी झाड काढून टाकलं, पण आईला त्यांनाही काढता आलं नाही. १९५० च्या डिस्नेच्या कार्टूनमध्ये उंदीर आणि पक्षी मिळून जो गुलाबी झगा शिवून देतात, तो आईचाच जुना झगा असतो. बहिणी तो फाडतात तेव्हा सिंड्रेला तशी रडते ती त्यामुळं. २०१५ साली केनेथ ब्रानाहनं माणसांना घेऊन तोच सिनेमा नव्यानं केला. त्यात परी झगा बदलायला निघते, तेव्हा मुलगी सांगते, हा आईचा आहे, मला हाच घालून जायचंय. १९९८ चा 'एव्हर आफ्टर' तर परी आणि जादू दोन्ही टाकून देतो, परीच्या जागी चक्क लिओनार्दो दा विंची येतो. पण मेजवानीला जाताना ती मुलगी घालते तो पोशाख आईनं ठेवलेलाच. तीन वेगळे सिनेमे, तीन वेगळे काळ, आणि तिन्हीकडं पेटीतून निघतात आईचे कपडे. तुमच्या माळ्यावर ट्रंक आहे म्हणालात.

सावत्र आईचंही सांगते, कारण तुमच्या मनाला ते लागलंय. ग्रिमांच्या १८१२ च्या पहिल्या आवृत्तीत स्नो व्हाइटला मारायला निघालेली बाई तिची सख्खी आई होती. हान्सेल आणि ग्रेटेलला रानात सोडून यायला लावणारीही सख्खीच. पुढच्या आवृत्त्यांत ग्रिमांनी दोघींना सावत्र करून टाकलं. सख्खी आई अशी वागते हे छापायला त्यांना जड गेलं असावं, म्हणून सगळा दोष ज्या बाईवर टाकून मोकळं होता येईल तिच्यावर टाकला. सिंड्रेलाची मात्र पहिल्यापासून सावत्रच आहे, ते मी लपवत नाही. पण 'सावत्र आई' हे एक सोयीचं खुंटाळं आहे आणि लोक त्यावर पिढ्यान्‌पिढ्या काहीबाही अडकवत आले, एवढं तुमच्या लक्षात असू द्या. तुमच्या शेजारणीनंही तेच केलं.

आणखी एक गोष्ट, ती खास तुमच्या यजमानांसाठी. पत्राचा हा भाग त्यांना वाचून दाखवा. सिंड्रेलाचा बाप मेलेला असतो, असं आपल्याला वाटतं, कारण सिनेमात त्याला लवकर मारून टाकतात. पेरोच्या आणि ग्रिमांच्या गोष्टीत तो जिवंत आहे. घरातच आहे. मुलगी राखेत बसते ते त्याला दिसतं. पेरो तर लिहितो, की ती बापाकडे तक्रार करत नाही, कारण तो पूर्णपणे बायकोच्या मुठीत आहे आणि उलट हिलाच रागावेल. म्हणजे गोष्टीतला खरा घोळ घातलाय गप्प बसलेल्या बापानं, आणि नाव झालं सावत्र आईचं. सिनेमांनी बापाला मारलं ते एका परीनं त्याला सोडवलंच.

तुमचे यजमान वाईट नाहीत, पत्रावरून तसं वाटत नाही. पण 'लहान आहे, सोडून दे' हे गप्प बसणंच झालं. शेजारीण बोलली तेव्हा ते घरात होते का, तुम्ही लिहिलेलं नाही. पुढच्या वेळी असतील तर उत्तर त्यांनी द्यावं. चिडून नको, हसतच म्हणावं, 'काकू, आमच्या घरात ताटं मीही विसळतो.' आणि मग खरंच विसळावीत.

सासऱ्यांनाही उत्तर द्यायला हवं. आपल्या गोष्टी सांगा म्हणतात ना? जरूर सांगा. ध्रुवाची सांगा. सुरुची त्याला बापाच्या मांडीवरून ढकलते आणि उत्तानपाद राजा तोंडातून चकार शब्द काढत नाही. म्हणजे आपल्याकडेही सावत्र आई तीच आणि बापही तोच. आपल्या कहाण्या तर सुरूच होतात 'आटपाट नगर होतं, राजाला दोन राण्या होत्या, एक आवडती, एक नावडती' इथून. माझी आत्या मंगळवार पेठेत राहायची. ती दुसरेपणाची. श्रावणात कहाणी वाचताना नावडतीपाशी आली की पोथी खाली ठेवायची आणि नावडतीनं त्या दिवशी काय रांधलं होतं ते स्वतःच्या मनानं सांगायची. कधी वरणफळं, कधी नुसता झुणका, पण रोज वेगळं. आम्ही पोरं कहाणीपेक्षा त्याच जागेची वाट बघायचो. आत्या कुणालाही 'नावडती वाईट नव्हती' असं म्हणाली नाही. तिनं नावडतीच्या हातात फक्त परात दिली.

आणि सासऱ्यांना ही एक गोष्ट सांगा, ती त्यांना आवडेल. १८६८ साली मेरी फ्रेअर या बाईनं 'ओल्ड डेक्कन डेज' नावाचा लोककथांचा संग्रह काढला. तिचे वडील मुंबईचे गव्हर्नर. दक्षिण मराठा मुलखातल्या, म्हणजे आपल्याच बाजूच्या दौऱ्यात तिच्या सोबतीला ॲना लिबेराता डिसूझा ही आया होती, आणि पुस्तकातल्या गोष्टी त्या ॲनाच्या तोंडच्या. त्यात एक सोदेवा बाईची आहे. राजकन्या डोंगरावर फुलं तोडत असताना रत्नजडित चपलांपैकी एक खाली रानात पडते. शिकारीला आलेल्या राजपुत्राला ती सापडते, आणि जिची चप्पल तिच्याशीच लग्न असा शोध सुरू होतो. या गोष्टीत सावत्र आई नाहीच. आई-बाप लाड करणारे आहेत. संकट येतं ते लग्नानंतर सवतीकडून, कारण सोदेवा बाईचा जीव तिच्या गळ्यातल्या सोन्याच्या माळेत असतो आणि सवत ती चोरवते. म्हणजे चप्पल हरवली की सावत्र आई आलीच पाहिजे, असा काही नियम नाही. ही गोष्ट तुम्ही लेकीला तोंडी सांगा, पुस्तक न धरता. चप्पल कोल्हापुरी करा हवं तर.

गोष्ट अशी बदलायची, तर पाप लागेल का? आपल्या गावात तरी हा प्रश्न पडू नये. वि. स. खांडेकरांनी 'ययाति' कोल्हापुरात राहून लिहिली. महाभारतात शाप देऊन निघून गेलेल्या कचाला त्यांनी परत आणलं आणि शर्मिष्ठेला स्वतःचं बोलायला लावलं. आजऱ्याच्या शिवाजी सावंतांनी 'मृत्युंजय'मध्ये कर्णाची गोष्ट सहा जणांच्या तोंडून सांगितली. त्याच कर्णावर कोवाडच्या रणजित देसाईंनी कादंबरी लिहिली तेव्हा तिला नाव दिलं 'राधेय', वाढवणाऱ्या आईचं नाव. एवढ्यावरून 'बघ, वाढवणारीच खरी आई' असं काही लेकीला सांगायला जाऊ नका. कर्णाची कुंती जिवंत होती आणि तिनं त्याला सोडलं होतं. तुमच्या लेकीच्या आईनं तिला सोडलेलं नाही, ती गेली आहे. तिच्याशी तुमची स्पर्धा नाही.

आता कुठली सिंड्रेला कधी, ते सांगते.

पहिल्यांदा २०१५ चा सिनेमा बघा, तिच्या शेजारी बसून, शेवटपर्यंत. केट ब्लँचेटची सावत्र आई दुष्टच आहे, पण दोन जागा नीट बघा. नवरा त्याच्या लेकीशी पहिल्या बायकोबद्दल बोलत असतो आणि ही दाराआडून ऐकते. तिचा चेहरा बघा. आणि शेवटाकडं हरवलेल्या जोडीतली सपाता तिच्या हाती लागते, तेव्हा ती 'एक मुलगी होती' म्हणून स्वतःचीच गोष्ट सांगते. प्रेमानं लग्न केलं, नवरा गेला, मुलींसाठी पुन्हा लग्न केलं, तोही गेला. त्या जागी तुम्हाला रडू येईल. येऊ द्या. पोरीनं विचारलं तर खरं सांगा, की मला तिचं वाईट वाटलं. यापुढं एक शब्द नको.

दुसरं, गेल कार्सन लेव्हिनची 'एला एन्चान्टेड' ही १९९७ ची कादंबरी. इंग्रजी सोपं आहे, रोज रात्री दोन-तीन पानं तिच्यासोबत वाचता येतील. या एलाला जन्मतःच शाप आहे, की जो जे सांगेल ते तिला करावंच लागतं. आपण पोरींना 'गुणी' म्हणतो तेव्हा काय मागत असतो, हे त्या कादंबरीइतकं स्पष्ट मी कुठं वाचलेलं नाही. शाप राजपुत्र मोडत नाही, ती स्वतः 'नाही' म्हणून मोडते. सावत्र आई तिथंही लोभी आहे आणि बाप त्याहून, हे आधीच सांगून ठेवते. याच नावाचा २००४ चा सिनेमा आहे, त्यात दुष्ट काका आणि बोलणारा साप घुसवून ठेवलाय. पुस्तक संपल्याशिवाय तो लावू नका.

तुमच्या लेकीला 'गुणी आहे, उद्धट कधी नाही' असं तुम्ही लिहिलंत, ते मला या पुस्तकामुळंच जरा टोचलं. पाहुण्याच्या घरी राहिल्यासारखी तर ती गुणी नाही ना? एक दिवस ती तुमच्यावर धाडकन दार आपटेल, तर वाईट वाटून घेऊ नका. हे घर आपलं आहे असं वाटल्याशिवाय पोरं दारं आपटत नाहीत.

'एव्हर आफ्टर' तिला तेरा-चौदाची होऊ दे, मग. त्यात मुलगी सावत्र आईला विचारते, माझ्या वडिलांवर तुमचं प्रेम होतं का? आणि ती म्हणते, नीट ओळखसुद्धा झाली नव्हती. तो प्रश्न तुमच्याकडंही कधीतरी येईल. मरिसा मेयरची 'सिंडर'ही तेव्हाच. तिथली सिंड्रेला अर्धी यंत्र असलेली मेकॅनिक आहे, आणि जिन्यावर बूट नाही, अख्खं लोखंडी पाऊलच निसटतं.

ग्रेगरी मग्वायरची 'कन्फेशन्स ऑफ ॲन अग्ली स्टेपसिस्टर' ही १९९९ ची कादंबरी मात्र फक्त तुमच्यासाठी. सतराव्या शतकातलं हॉलंड, ट्यूलिपच्या धंद्याचे दिवस, आणि गोष्ट सांगते सावत्र बहीण. तिची आई दोन पोरींना घेऊन उपाशीपोटी त्या गावात आलेली. ती चांगली बाई नाही. पण भूक माणसाला कुठवर नेते ते दिसतं.

यातल्या एकाही गोष्टीत तुम्हाला हवी तशी चांगली सावत्र आई मिळणार नाही, हे मी जाणूनबुजून स्पष्ट सांगते, म्हणजे तुम्ही ती शोधत बसणार नाही. पण चार-पाच सिंड्रेला ओळखीच्या झाल्या की 'सिंड्रेला केली व्हय?' या प्रश्नावर तुमची लेक विचारू शकेल, 'कुठली?'

शेवटचं काम ट्रंकेचं. सासूबाईंनी मायेपोटीच ती वर टाकली, त्यांचीही सून गेली आहे. त्यांना आधी विचारा, मग यजमानांना सांगून ट्रंक खाली उतरवून घ्या, रविवारी, सगळे घरात असताना. उघडायची लेकीनं. कुठली साडी आईनं कधी नेसली होती, ते बाबांनी आणि आजीनं सांगायचं. तुम्ही तिथं बसा, पण गप्प बसा. तिला एखाद्या साडीचं परकर-पोलकं शिवून हवं असेल, तर तीच सांगेल, तुम्ही सुचवू नका आणि कात्री लावू नका. नको म्हणाली, तर साड्या सावलीत वाऱ्यावर टाका, डांबराच्या गोळ्या कपड्याला न लागता पुरचुंडीत बांधा आणि जुन्या घडीवर पुन्हा घडी घालू नका. घडी बदलून घालायची, नाहीतर रेशीम त्याच रेघेवर चिरतं. दुसरं टोक तिला धरायला द्या, एकटीनं नऊवारीची घडी नीट होत नाही.